लहान झालेल्या जठराचे पथ्य

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हातात आहाराचा जो कागद दिला जातो, त्यावरचे नियम जगभर जवळजवळ सारखेच असतात. आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घरचे नेहमीचे अन्न. घास लहान, चावणे भरपूर. जेवताना पाणी नाही. साखर टाळायची, प्रथिने आधी खायची, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या. हे नियम लठ्ठपणाचा विचार करून कोणी एका बैठकीत लिहिलेले नाहीत. त्यांतले बरेचसे जठराच्या कर्करोगाच्या आणि अल्सरच्या रुग्णांकडून आले आहेत, म्हणजे ज्यांचे वजन काही केल्या वाढत नव्हते अशा माणसांकडून. एका आजारातली तक्रार दुसऱ्या आजारावरचा उपाय कशी झाली, हेच या पथ्याच्या इतिहासाचे मर्म आहे.

29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी 43 वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त खालचा भाग काढला आणि उरलेले जठर लहान आतड्याच्या सुरुवातीला जोडले. असा प्रयत्न त्याआधी फ्रान्समध्ये आणि पोलंडमध्ये झाला होता, पण ते रुग्ण वाचले नव्हते. टाके व्यवस्थित पडले तरी खाण्याचा प्रश्न उरतच होता. ताजा सांधा ताणला जाऊ नये आणि माणूस उपाशीही मरू नये, अशी दुहेरी कसरत होती. या स्त्रीला आधी नुसता बर्फ दिला गेला, पोषणासाठी गुदद्वारातून पेप्टोन आणि वाइन सोडण्यात आली. मग दर तासाला, आणि पुढे दर अर्ध्या तासाला, एक चमचा आंबट दूध. कर्करोग उलटल्याने ती सुमारे चार महिन्यांनी वारली, पण तोवर ती तोंडाने जेवू लागली होती. आज वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी छोट्या पेल्यातून घोट-घोट पाणी देतात. त्या चमच्यात आणि या पेल्यात फारसे अंतर नाही.

1897 साली झ्युरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी 56 वर्षांच्या एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. थोडे थोडे, वरचेवर खात ती वर्षाहून अधिक काळ जगली. जठराशिवाय पचन होऊ शकते, हे तिने दाखवून दिले. मग जठर करते तरी काय? ते अन्न साठवते, घुसळते, आणि तळाच्या झडपेतून जरा जरा करून आतड्यात सोडते. ही तिन्ही कामे थांबली की ती माणसाला स्वतःच्या वागण्यातून करावी लागतात. साठवण गेली म्हणून एका जेवणाची पाच-सहा जेवणे होतात. घुसळण गेली म्हणून दातांनी ती करायची. झडपेचा पहारा गेला म्हणून गोड आणि पातळ पदार्थांवर आपणच पहारा ठेवायचा. आहाराच्या कागदावरचे बहुतेक नियम असे जठराच्या एकेका हरवलेल्या कामाचे पर्याय आहेत. हे रुग्णाला नीट समजावून सांगितले, तर तो नियम शिक्षा म्हणून पाळत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्सरसाठी जठराचा काही भाग काढणे किंवा त्याला आतड्याची बगलवाट जोडणे ही नित्याची शस्त्रक्रिया झाली. त्याबरोबर एक नवी तक्रार डॉक्टरांच्या कानावर पडू लागली. जेवून अर्धा तास होत नाही तोच छाती धडधडते, घाम फुटतो, गरगरते, पोटात कळ येऊन जुलाब होतो, आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी 1913 मध्ये याचे वर्णन केले. पुढे 1922 मध्ये शिकागोच्या चार्ल्स मिक्स यांनी वापरलेला ‘डम्पिंग’ हा शब्द रूढ झाला. गाडीतला माल एकदम ओतावा तसे अन्न आतड्यात ओतले जाते, हा त्याचा अर्थ. 1949 मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस माशेला यांनी दाट द्रावण थेट लहान आतड्यात सोडून तीच लक्षणे निर्माण करून दाखवली. गोड, दाट द्रव रक्तातले पाणी आतड्यात खेचून घेतो, हे त्यातून पुढे आले. त्यावरचा उपचार औषधाचा नव्हता, ताटाचा होता. जेवण कोरडे, पाणी दोन जेवणांच्या मधे, साखर कमी, प्रथिने जास्त, आणि जेवल्यावर थोडे पडून राहणे. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवण्याच्या आजच्या नियमाचे मूळ इथे आहे.

दुसरी शिकवण उशिरा मिळाली, कारण ती रक्तात लपलेली होती. बोस्टनचे विल्यम कॅसल यांनी 1929 पासूनच्या प्रयोगांतून दाखवले की जठरातून झिरपणारा एक घटक नसेल तर माणसाला विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होतो. ज्या पोषकद्रव्याच्या शोषणासाठी तो घटक लागतो ते, म्हणजे जीवनसत्त्व ब-12, 1948 मध्ये वेगळे काढण्यात आले. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. त्यामुळे जठर काढलेल्या माणसाला पहिली एक-दोन वर्षे काहीच जाणवत नाही, आणि ‘आता मी बरा आहे’ असे वाटून तो तपासण्या सोडतो, नेमकी तेव्हाच उतरण सुरू होते. आयुष्यभराच्या गोळ्यांचा आग्रह या उशिरा उगवणाऱ्या आजारापायी आहे.

जीवनसत्त्व ब-1 ची गोष्ट याच्या उलट. बिलरोथ यांनी ती शस्त्रक्रिया केली त्याच 1881 साली कार्ल वेर्निके यांनी मेंदूच्या एका तीव्र आजाराचे तीन रुग्ण नोंदवले: डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे, भ्रम होणे. त्यांतले दोघे दारूचे व्यसनी होते. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी स्त्री. तिने गंधकाम्ल प्यायले होते, जठराचे तोंड आकसले होते आणि तिला सतत उलट्या होत होत्या. या आजाराचे मूळ ब-1 च्या अभावात आहे हे कळायला अनेक दशके जावी लागली. या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम काही आठवड्यांचा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसलेल्या रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यावे, हा नियम त्या स्त्रीच्या व्यथेशी थेट जोडलेला आहे. ‘सवय होईल’ म्हणून उलट्यांकडे दुर्लक्ष करणे ही या प्रवासातली सर्वांत घातक चूक आहे.

वजन घटवण्यासाठी म्हणून मुद्दाम शस्त्रक्रिया सुरू झाल्या त्या 1950 च्या दशकात, आणि त्यांनी जठराला हातही लावला नाही. 1954 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या आर्नल्ड क्रेमेन, जॉन लिनर आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग बगलेला टाकून वरचे टोक खालच्या टोकाला जोडण्याची कल्पना मांडली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डिविंड यांनी केलेली रचना लोकप्रिय झाली. त्यात वरच्या आतड्याचे 14 इंच खालच्या आतड्याच्या 4 इंचांना जोडत. हवे ते खा, अंगी लागणारच नाही, असे तिचे आकर्षण होते. वजन उतरले, पण रुग्णांना दिवसातून अनेकदा जुलाब होत, मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होत, सांधे दुखत, आणि काहींचे यकृत निकामी झाले. न पचलेली चरबी कॅल्शियम अडवून ठेवते आणि मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते, हे कळल्यावर चरबी कमी, पालक-चहा कमी, कॅल्शियम जास्त असे पथ्य आले. पण पथ्याने सावरण्यापलीकडचे हे नुकसान होते. 1980 च्या सुमारास ही शस्त्रक्रिया बंद पडली आणि अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. खाण्यात काहीच बदल न करता वजन उतरवण्याची आशा तिथे संपली.

आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांचे लक्ष नेमके जुन्या अल्सर-रुग्णांकडे गेले. जठराचा मोठा भाग काढलेली ही माणसे बारीकच राहत, त्यांना वजन वाढवणे जमत नसे. डॉक्टर ज्याला दुष्परिणाम म्हणत होते, तो लठ्ठ रुग्णासाठी उपचार ठरेल का? 1966 मध्ये मेसन आणि चिकाशी इटो यांनी जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती लहान आतड्याला जोडली. हाच गॅस्ट्रिक बायपास. सुरुवातीची पिशवी बरीच मोठी असे, पुढे ती 50 मिलिलिटरच्या आत आली आणि आज साधारण 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी असते. पित्त वर चढू नये म्हणून 1977 मध्ये केंटकीच्या वॉर्ड ग्रिफेन यांनी ‘वाय’ आकाराची जोडणी वापरली. या जोडणीला लोझानच्या सेझार रू यांचे नाव आहे, आणि तीही एकोणिसाव्या शतकातली जठराच्याच शस्त्रक्रियेतली देणगी.

बायपास अवघड म्हणून मेसन यांनीच 1980 मध्ये सोपा मार्ग काढला. आतड्याला न छेडता स्टेपलरने जठरात उभी छोटी पिशवी करायची आणि तिच्या तोंडाशी न ताणणारी पट्टी बसवायची. माणसाच्या खाण्याबद्दल सर्वांत जास्त शिकवले ते या शस्त्रक्रियेने. मांस, पोळी, कच्ची भाजी त्या अरुंद तोंडात अडकत, छातीत दुखे, उलटी होई. आइस्क्रीम, मिल्कशेक आणि वितळते चॉकलेट मात्र सरळ खाली उतरे. रुग्ण नकळत मऊ, गोड पदार्थांकडे वळले आणि अनेकांचे वजन पुन्हा चढले. त्यांना बेशिस्त म्हणणे अन्यायाचे होते. पोट जे स्वीकारत होते तेच ते खात होते. व्हर्जिनियातल्या रिचमंडचे हार्वी शुगरमन यांनी 1987 मध्ये दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात, विशेषतः गोडखाऊ रुग्णांत, बायपास सरस ठरला. बायपासनंतर गोड खाल्ले की डम्पिंग होते, आणि ती धास्ती राखण करते. 1913 मध्ये जो आजार म्हणून नोंदला गेला, त्याला आता पहारेकऱ्याची जागा मिळाली.

पुढे आलेल्या, जठराभोवती बसवायच्या समायोज्य पट्ट्यालाही मेसन यांच्या उभ्या पिशवीचीच मर्यादा होती. त्वचेखालच्या छोट्या डबीत खारे पाणी भरून तो घट्ट-सैल करता येई, पण घास अडकणे आणि मऊ कॅलरींकडे वळणे टळले नाही.

1993 मध्ये सॅन दिएगोत ॲलन विटग्रोव्ह आणि वेस्ली क्लार्क यांनी दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास केला. पोटावरच्या लांब चिरेऐवजी काही छिद्रे आली आणि रुग्णालयातला मुक्काम काही दिवसांवरून एक-दोन रात्रींवर आला. पथ्याच्या दृष्टीने यामुळे दोन गोष्टी बदलल्या. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, आणि लठ्ठ माणसात तो चरबीने जड असतो. दुर्बिणीतून काम करताना तो आड येतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे कमी कॅलरींचा, प्रथिनयुक्त आहार देऊन यकृत आकसवण्याची पद्धत पडली. पथ्य आता शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होऊ लागले. दुसरे म्हणजे, पातळापासून घट्टापर्यंतचा सगळा प्रवास नर्सच्या नजरेखालून निघून घरच्या स्वयंपाकघरात गेला. आहारतज्ज्ञ हा उपचाराचा मुख्य आधार झाला. 2008 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्रित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने हा आकडा रूढ झाला. एवढ्याशा पिशवीत 60 ग्रॅम बसवायचे म्हणजे प्रत्येक घासाचा हिशेब आला.

तोवर जठर म्हणजे फक्त पिशवी, ही समजूतही ढासळली होती. 1999 मध्ये जपानी संशोधकांना जठरातून स्रवणारे ग्रेलिन हे भुकेचे संप्रेरक सापडले. 2002 मध्ये डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कमी खाऊन वजन घटवलेल्यांत ग्रेलिन वाढते, तर बायपास झालेल्यांत ते अगदी कमी आढळते. पुढच्या अभ्यासांत ग्रेलिनबाबतचे निष्कर्ष एकसारखे राहिले नाहीत. पण बायपासनंतर जेवल्यावर तृप्ती देणारी आतड्यातली संप्रेरके जोराने वाढतात, हे पक्के झाले. रुग्ण पूर्वीपासून जे सांगत होते त्याला यामुळे आधार मिळाला: पहिले काही महिने भूकच लागत नाही, आवडता पदार्थ नकोसा होतो, वासही बदलल्यासारखे वाटतात. त्या काळात घड्याळ पाहून खावे लागते. भूक बऱ्याच अंशी परत येते, आणि तोपर्यंत नव्या सवयी रुजल्या नसतील तर जुन्या परततात. बायपासनंतर दारू वेगाने रक्तात चढते, म्हणून खाण्यातला विरंगुळा गमावलेल्या माणसाला पेल्याचा धोका अधिक असतो. आजचे दवाखाने याची सूचना आधीच देतात.

भारतात लठ्ठपणाच्या शल्यचिकित्सकांची संघटना 2002 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काळात मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया नित्याची झाली. इथे बहुतेक वेळा स्लीव्ह होते, म्हणजे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. खालची झडप शाबूत राहत असल्याने डम्पिंग कमी असते. परदेशी कागदावरच्या मांसाच्या रसाची आणि जिलेटिनची जागा वरणाचे पाणी, नारळपाणी, ताक यांनी घेतली, मग मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेले पनीर, उकडलेले अंडे. ही चढती पायरी इथल्या घरांना अनोळखी नव्हती. चरकसंहितेत वमन-विरेचनानंतर पेया, विलेपी, यूष असा संसर्जनक्रम सांगितला आहे, आणि तापातून उठलेल्याला आधी पेज, मग मऊ भात देण्याची रीत घरोघरी आहे. अवघड गेले ते वेगळेच. ताटाच्या मध्यभागी भात-पोळी आणि कडेला वरण अशी सवय असलेल्याला आधी डाळ-पनीर संपवून जागा उरली तरच पोळी खायची, हा क्रम उलटा वाटतो. सणाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याला नाही म्हणणे तर शस्त्रक्रियेइतकेच कठीण जाते.

शिवाय इथली सुरुवातच कमतरतेतून होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत ब-12 कमी आढळले होते, आणि शाकाहार हे त्याचे एक मोठे कारण होते. अशा शाकाहारी माणसाच्या यकृतात काही वर्षे पुरेल असा साठा मुळातच नसतो. म्हणून इथे ब-12, ड जीवनसत्त्व आणि लोह यांची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधीच करतात, कमतरता भरून काढतात, आणि ब-12 ची इंजेक्शने किंवा गोळ्या नंतर कायम चालू ठेवतात.