गव्हाचा दोष कसा उघडकीस आला

पोट बिघडले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात, ‘काल काय खाल्ले होते?’ प्रश्न शहाणपणाचा आहे. परंतु रोजचे अन्नच एखाद्याच्या आतड्याला इजा करीत असेल, तर या प्रश्नाने काही हाती लागत नाही. कारण रोजच्या अन्नावर कोणी संशय घेत नाही. एका आजाराच्या बाबतीत हा संशय पक्का होण्यास साठांहून अधिक वर्षे लागली. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. मी डॉक्टर नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात. पण या हकीकतीत एक मोठा रेल्वे-संप येतो. त्याविषयी वाचता वाचता मी या विषयात शिरलो.

या आजाराचे नाव सीलिअ‍ॅक. ग्रीक भाषेत पोटाला जो शब्द आहे त्यावरून ते पडले. मूल हातापायांनी सुकते, पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगते. शौचाला पातळ, फिकट व तेलकट होते. वजन वाढत नाही. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८७ साली एका व्याख्यानात याचे स्वच्छ वर्णन केले. हा रोग बरा व्हावयाचाच असेल तर तो आहाराने होईल, हेही त्यांनी ओळखले. एक मूल हॉलंडहून येणाऱ्या शिंपल्यांचे मांस रोज खाऊन सुधारले आणि हंगाम संपताच पुन्हा खालावले, अशी नोंद त्यांनी केली आहे. मात्र पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव देण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. चोर घरातच होता, पण त्याला कोणी हटकले नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचा आहार सुचविला. केळी भरपूर द्यावयाची. पाव, बिस्किटे, बटाटे व धान्ये बंद करावयाची. मुले सावरली आणि श्रेय केळ्यांना मिळाले. खरा गुण पाव बंद झाल्याचा होता.

हॉलंडमधील हेग शहरी ज्युलियाना बाल-रुग्णालयात विलेम डिके हे १९३६ पासून प्रमुख डॉक्टर होते. त्याच सुमारास एका आईचे म्हणणे त्यांच्या कानी आले : पाव बंद केला की आपल्या आजारी मुलाच्या अंगावरचे पुरळ लवकर बरे होते. असे बोलणे बहुधा हसण्यावारी जाते. डिके यांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी मुलांचा आहार बदलून पाहिला, वजने लिहून ठेवली, आणि १९४१ साली पाव नसलेल्या साध्या आहाराची शिफारस करणारा लेख आपल्या देशातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या वेळी हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होता.

आता तो संप. १७ सप्टेंबर १९४४ रोजी दोस्तांचे छत्रीधारी सैनिक हॉलंडमध्ये उतरले. लंडनमध्ये आश्रयास असलेल्या डच सरकारने जर्मनांची वाहतूक रोखण्यासाठी रेल्वे कामगारांना काम बंद करण्याचा आदेश नभोवाणीवरून दिला. सुमारे ३०,००० कामगार कामावरून उठले. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिमेकडील शहरांत जाणारे धान्य अडविले. काही आठवड्यांनी जलमार्गाने अन्न नेण्याची सवलत दिली, तर थंडीने कालवे गोठले. फेब्रुवारी १९४५ मध्ये माणशी रोजचे रेशन ६०० उष्मांकांच्याही खाली गेले. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचे बीट खाल्ले. सुमारे २०,००० माणसे मेली. रेल्वे कामगारांनी मात्र मे १९४५ मध्ये देश मुक्त होईपर्यंत संप मोडला नाही.

या दुष्काळाविषयी एक गोष्ट नेहमी सांगतात. सगळी मुले खंगत असता सीलिअ‍ॅकची मुले सुधारली, विमानांनी अन्न टाकले व पुन्हा पाव मिळू लागताच ती आजारी पडली, आणि त्यावरून डिके यांना शोध लागला. गोष्ट मनाची पकड घेते. पण १९४१ चा लेख तिच्या आड येतो. डिके यांचा संशय दुष्काळाच्या आधीचा होता. पावाच्या टंचाईने त्याला पुष्टी मिळाली असेल; परंतु शोधाचे श्रेय उपासमारीला देणे म्हणजे त्या आईवर आणि वर्षानुवर्षे वजने टिपणाऱ्यांवर अन्याय होय. कारखान्यातही असेच असते. तक्रार कामगार सांगतो, पण ती सिद्ध होते ती नोंदवहीने. दोन्हींपैकी एक नसेल तर न्याय मिळत नाही.

युद्धानंतर डिके यांनी हीच नोंदवही पुरी केली. व्हान द कामर या रसायनशास्त्रज्ञांनी शौचातून वाया जाणारी चरबी मोजण्याची रीत बसविली. ठरलेला आहार देऊन मोजता गहू आणि राय अपायकारक ठरले. गव्हातला निव्वळ स्टार्च निरुपद्रवी ठरला. १९५० साली डिके यांनी उट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी दाखविले की दोष ग्लूटेनचा, म्हणजे कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचा आहे.

मग आतड्यात काय घडते? १९५४ साली इंग्लंडचे पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेला आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा अस्तर दाहाने बिघडलेले दिसले. लहान आतड्याच्या आत बोटांसारखे बारीक अंकुर असतात. अन्नरस तेच शोषून घेतात. ज्यांना जन्मतः तशी प्रवृत्ती असते त्यांच्यापैकी काहींच्या शरीराचे रक्षक दल ग्लूटेनला शत्रू समजून लढू लागते आणि त्या लढाईत हे अंकुर सपाट होतात. चरबी, लोह, चुना अंगी लागत नाही. म्हणून कोणाला जुलाब होतात, तर कोणाला केवळ न हटणारा पांडुरोग होतो.

आपल्या देशाशीही याचा संबंध आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. जन्मजात प्रवृत्ती दोन्हीकडे सुमारे तिघांत एकाला होती. फरक मुख्यतः गव्हाचा होता. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, तर दक्षिणेत २५ ग्रॅम.

याचा अर्थ गहू सर्वांना विष आहे असा मुळीच नाही. दुधाने पोट फुगते ते बहुधा दुधातील साखर पचविणारा पाचकरस कमी पडल्याने. तेथे दाह नसतो. २०१३ साली ऑस्ट्रेलियात गव्हाने त्रास होतो म्हणणाऱ्या, पण सीलिअ‍ॅक नसलेल्या ३७ जणांवर प्रयोग झाला. आतड्यात आंबणारे इतर पदार्थ आधी कमी केले, तेव्हा त्यांना बरे वाटले. नंतर ग्लूटेन दिल्याने वेगळा असा त्रास दिसला नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पोळी सोडू नये. संशय असेल तर गहू चालू असतानाच रक्त तपासून घ्यावे. आधीच सोडल्यास तपासणी फसते. निदान पक्के झाल्यावर मात्र गहू जन्मभर वर्ज्य. आपल्या ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदळात ग्लूटेन नाही. फक्त ज्या जात्यावर गहू दळला त्यावरच ते दळून आणू नये.

आपल्या घरातले एखादे मूल पोटभर जेवूनही वाढत नसेल, तर त्याला नाठाळ किंवा नजर लागलेले ठरविण्यापूर्वी त्याचे वजन लिहून ठेवा, काय खाल्ल्यावर काय होते ते टिपा, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. हेगच्या त्या मुलांना वाचविणारे कामही असेच सुरू झाले होते.