रस्ता कुणाचा लांब, आणि गाडीत कोण?

भारत पुढे की पाकिस्तान, यावर आपली पोरं मोबाईलवर तासन्‌तास भांडतात. पुरावा म्हणून रस्ते आणि मोटारी दाखवतात. मग हिशोब पुरता मांडा. लाहोर-इस्लामाबाद मोटरवे १९९७ साली खुला झाला, आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. बांगलादेशचा पद्मा नदीवरचा सहा किलोमीटरहून लांब पूल २०२२ साली सुरू झाला. आणि भारतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या दहा घरांकडेही मोटार नव्हती.

उरलेल्या नव्वद घरांचं काय? इथे इतिहास बोलतो. सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आली. पण १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या बाल भीमरावांना दुप्पट भाडं देऊनही बैलगाडी स्वतः हाकावी लागली. विटाळ नको म्हणून गाडीवान पायी चालला. १९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी सरकारी समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांना नेलं नाही. वस्तीतल्या नवख्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. वाहन होतं, पैसेही होते. आडवी आली ती जात.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिच्या तिकिटावर जात नसते. म्हणून सार्वजनिक वाहतूक हा समतेचा प्रश्न आहे.

मित्रांनो, तुलना जरूर करा. पण आधी विचारा: अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या वस्तीवरची आपली मुलगी कॉलेजला कशाने जाते? तिच्या फाट्यावर एसटी थांबते का? हा प्रश्न ग्रामसभेत मांडा, आगारात लेखी द्या.

जयभीम!