तगरचे कापड आणि दूरच्या व्यवहारातील प्रतिनिधी

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर आज संत गोरोबांचे गाव म्हणून वारकऱ्यांना परिचित आहे; परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात तगर या नावाने ते दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. हिंदी महासागरातील बंदरे व तेथील माल यांची माहिती देणारी ‘पेरिप्लस’ नावाची ग्रीक मार्गदर्शिका त्याच शतकाच्या मध्यास लिहिली गेली असे मानले जाते. भडोच बंदरापासून दक्षिणेस सुमारे 20 दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे 10 दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे ती सांगते. पैठणहून अकीकासारखे दगड, तर तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व मोलोखिना नावाचे वस्त्र गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला येत असे. तगरच्या स्वतःच्या मालाबरोबरच किनारी प्रदेशातून तेथे आलेला मालही याच वाटेने जाई, म्हणजे तगर हे उत्पादनाचे तसेच उलाढालीचे केंद्र होते.

तगर नेमके कोठे होते, यावर एकोणिसाव्या शतकात दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी अनेक मते मांडली गेली. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत असल्याने या प्रश्नाला राजघराण्यांच्या इतिहासातही महत्त्व होते. 1901 मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे प्रतिपादन केले, आणि पुढे 1958 पासून झालेल्या उत्खननांनी व रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या, आता गावातील शासकीय संग्रहालयात असलेल्या वस्तूंनी त्याला बळ मिळाले. त्यांपैकी हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई येथील भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे.

या व्यापारात माल विणणारा आणि तो अखेर वापरणारा यांची गाठ पडण्याचे कारण नव्हते, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करीत असे. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला, आणि त्याचा प्रमुख तो सार्थवाह. गाड्या, बैल व माल यांची जबाबदारी त्याच्याकडे असे. भडोचच्या खाडीतील भरती-ओहोटी व वाळूचे दांडे परक्या खलाशांना धोक्याचे असल्याने, राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन समुद्रात पुढे जात आणि जहाजांना वाट दाखवत बंदरात आणत, असे पेरिप्लस नोंदवते. बाहेरच्या जहाजाला बंदराची अंतर्गत रचना माहीत असण्याची गरज नव्हती. ती जाणणारा माणूस वेशीवर भेटला म्हणजे पुरे.

प्रतिनिधीवरचा विश्वास कसा टिकवला जाई, याचा उत्तम पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांतील कोरीव लेखात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मध्ये 3000 कार्षापणांचा अक्षयनिधी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता केवळ व्याज खर्च करायची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातील कारागिरांची संघटना. 2000 कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि 1000 वर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर ठरला, आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे द्यायची होती. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या व्यापारी सभेत, वाचून दाखवून फलकावर नोंदवला गेला; दाता हजर नसतानाही त्याची इच्छा पाळली जावी, याची ती व्यवस्था होती.

पुढच्या काळात सार्थवाहाची जागा गुमास्ता, आडत्या, दलाल व मुनीम यांनी घेतली, आणि रोकड नेण्याऐवजी परगावच्या पेढीवर पैसे देण्याचा लेखी आदेश, म्हणजे हुंडी, धाडली जाऊ लागली. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास तिसरी प्रत ‘परपेठ’ काढत. मात्र तिन्हींपैकी एकीवरच पैसे मिळत. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही असे धरता येत नाही, आणि पुन्हा मागितल्याने ते दोनदाही होता कामा नये, हा दूरच्या व्यवहारातील मूलभूत प्रश्न पेढ्यांनी अशा रीतीने सोडवला होता.

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्रापुढे नव्या रूपात उभा राहिला. बँक किंवा शासकीय खाते यांसारख्या मोठ्या संस्थेची संगणकप्रणाली अनेक घटकांची बनलेली असते; काही घटक मागणी करणाऱ्या प्रोग्रामच्याच यंत्रावर, तर काही दूरच्या शहरातील सर्व्हरवर चालतात. दूरच्या घटकाच्या वतीने जवळ उभा केलेला, बाहेरून त्याच्यासारखाच दिसणारा आणि मागणी बांधून पलीकडे पाठवून उत्तर आणून देणारा छोटा घटक म्हणजे प्रॉक्सी. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी 1984 मध्ये अशा प्रतिनिधीची रचना ‘स्टब’ या नावाने सविस्तर मांडली, तर 1986 मध्ये मार्क शापिरो यांनी प्रॉक्सीचे तत्त्व प्रतिपादिले. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याला घटक जवळचा की दूरचा याचा विचार करावा लागणार नाही, अशी आशा निर्माण झाली.

ती आशा पुरती खरी ठरली नाही. 1994 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतील जिम वॉल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, दूरच्या मागणीला लागणारा विलंब आणि एका बाजूचे यंत्र चालू असताना दुसऱ्या बाजूचे बंद पडण्याची शक्यता, या गोष्टी प्रॉक्सीआड लपवता येत नाहीत. 1998 मध्ये आलेल्या एंटरप्राइझ जावाबीन्स या घटकपद्धतीत प्रत्येक मागणी दूरची आहे असे गृहीत धरल्याने शेजारच्या घटकालाही दूरच्या प्रवासाचा खर्च पडे. म्हणून 2001 च्या दुसऱ्या आवृत्तीत जवळच्या व दूरच्या घटकांसाठी वेगवेगळे दरवाजे देण्यात आले.

पेरिप्लसच्या लेखकाने तगरच्या मालाची यादी देताना आधी वाटेचे दिवस मोजले आणि रस्ते नसल्याचे सांगितले, यामागची व्यवहारदृष्टी येथे लक्षात येते. प्रतिनिधीमुळे दूरचा व्यवहार शक्य होतो, पण अंतराचा खर्च कोणाला ना कोणाला सोसावाच लागतो. निगमसभेतील नोंद, पेठ-परपेठेची प्रथा आणि प्रणालीतील जवळ-दूरचा भेद ही तो खर्च उघडपणे मांडून विश्वास राखण्याचीच साधने होत.