आफ्रिकावाळा बापा आणि पितळी हंडा



मागच्या दिवाळीत लंडनच्या काकांचा फोन आला. सगळं कुटुंब एकत्र जमणार, त्यासाठी वंशावळ छापायची ठरली होती. "तू लिहितेस, तर आफ्रिकावाळ्या बापाचं पान तू लिही," ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. पणजोबांची गोष्ट आमच्या घरात पाळण्यातल्या मुलालाही पाठ आहे. एका बैठकीत लिहून होईल असं वाटलं होतं. सहा महिने लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. आम्ही हालारी विसा ओसवाल. हालार म्हणजे जामनगरच्या आजूबाजूचा मुलूख, आणि आमची तिथली बावन्न गावं. परंपरेनुसार आमचं मूळ मारवाडातल्या ओसियाचं. तिथून सिंध, मग कच्छ, आणि सोळाव्या शतकात जाम रावळाबरोबर हालार. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आम्ही सरकतच आलो. जैन म्हटलं की लोकांना पेढी आणि तराजू आठवतो, पण हालारात आम्ही शेतकरी होतो, तेही कोरडवाहू. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, 'छप्पनिया' दुष्काळ पडला आणि गुरंढोरं, बियाणं सगळं गेलं. त्याच सुमाराला आमच्यातले पहिले काही पुरुष समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला गेले. मग एकाने दुसऱ्याला बोलावलं, मामाने भाच्याला नेलं.

आमच्या घरातली गोष्ट अशी, की बापा तिकडे रेल्वे बांधायला गेले, त्सावोच्या नरभक्षक सिंहांतून वाचले आणि नंतर त्यांनी मोठं दुकान काढलं.

मी पहिल्यांदा फक्त तारखा जुळवायला बसले आणि तिथेच गाडी अडली. मोंबासाहून रेल्वेचं काम १८९६ ला सुरू झालं, १८९९ मध्ये रूळ नैरोबीला पोहोचले, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला. सिंहांचा तो प्रसंग १८९८ चा. आमचे बापा तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे! शिवाय रेल्वेचे सुमारे ३२ हजार मजूर बहुतेक पंजाबातले, कराचीहून जहाजावर चढवलेले. त्यातले जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. त्यांच्या मरणावर आपली शौर्यकथा उभी करणं मला बरं वाटेना.

मग खरं काय? माहेरी, भिवंडीला, माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आजोबा १९५० नंतर आफ्रिकेतून परतले आणि भिवंडीत त्यांनी माग घातले, तेव्हा ती पेटी बरोबर आली. तिच्यात बापांची चार पत्रं निघाली. जुनी गुजराती लिपी, शाई तपकिरी झालेली. एका पत्रावर 'श्रावण १९६९' असं होतं. मी छप्पन्न वजा करून १९१३ लिहून मोकळी झाले. पण पाकिटावरच्या शिक्क्यात १९१२ दिसत होतं. दोन दिवस डोकं खाजवलं. मग कळलं, की बाकी गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, पण हालारात तो आषाढात बदलायचा. बापा परदेशातही हालारचंच पंचांग धरून होते! तिकिटावर 'ईस्ट आफ्रिका अँड युगांडा प्रोटेक्टोरेट्स' असं छापलेलं, आणि पत्रात हिशेब रुपयांत. तिथे १९२० पर्यंत रुपयाच चालत होता, शिलिंग नंतर आला. पत्र फोर्ट हॉलहून होतं. आज त्या गावाला मुरंगा म्हणतात, नैरोबीच्या उत्तरेला आहे.

आणि पत्रात काय होतं? "शेठ चांगले आहेत. दुकानातच झोपतो." म्हणजे बापांचं दुकान नव्हतं. ते दुसऱ्याच्या दुकानात नोकर होते. शेतकऱ्याचा मुलगा, पण शेती करायचीही सोय नव्हती, कारण तिथली उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती. म्हणून नांगर सोडून तराजू हातात घेतला.

आता उरल्या फक्त फई. माझ्या वडिलांच्या मोठ्या बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांचा जन्म तिकडचाच, लग्न करून इकडे आल्या. हल्ली अंथरुणातच असतात. मी त्यांच्याजवळ पत्रं वाचायला बसले. फईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "सगळे बापाचंच विचारतात. माजीचं कोणी विचारत नाही."

माजी म्हणजे बापांची बायको, माझी पणजी.

फई बोलत गेल्या. गलबताचं भाडं द्यायला घरात पैसा नव्हता. माजींनी पायातली चांदीची कडलां काढून गहाण ठेवली. ती परत कधीच सुटली नाहीत. हिवाळ्यात वारा पश्चिमेला नेणारा असतो, त्या वाऱ्यावर बापा बेडी बंदरातून गेले. माजी दोन मुलं आणि सासूला घेऊन मागे राहिल्या, दहा वर्षं. दुसऱ्यांच्या शेतात निंदणी केली. पत्र आलं की गावातल्या मास्तरांकडून वाचून घ्यायचं, म्हणजे नवऱ्याने जे लिहिलं ते आधी मास्तरांना कळणार. उत्तरही त्यांच्याच तोंडून. "काय सांगायचं असतं आणि काय सांगता येतं, तूच बघ," फई म्हणाल्या.

पुढे माजीही मुलांना घेऊन त्याच समुद्रावरून गेल्या. बरोबर खाखरे, सुखडी, वड्या, आणि लग्नातला एक पितळी हंडा. उकळलेलं पाणी ठेवायचा तो हंडा.

फोर्ट हॉलला ना देरासर, ना उपाश्रय. साधू-साध्वी तर समुद्र ओलांडत नाहीत. मग धर्म कोणी सांभाळला? फई म्हणाल्या, "माजीच आमचा उपाश्रय." सामायिक, प्रतिक्रमण सगळं तोंडपाठ. मुलं तिच्याभोवती बसून शिकली. चौविहारची मात्र तिकडे मजा होती. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने संध्याकाळी साधारण एकाच वेळी मावळतो, त्यामुळे रोज जेवणाची वेळ ठरलेली. पण चातुर्मासाची पंचाईत! तिकडे मोठा पाऊस मार्च ते मे, आणि आपला चातुर्मास येतो तो कोरड्या गारठ्यात. शेजारणी म्हणायच्या, पाऊस नाही तर नियम कशाला? माजी म्हणायच्या, तिकडच्या पावसात किडेमुंग्या जास्त, तेव्हाही पालेभाजी सोडू, आणि आपला चातुर्मासही सोडायचा नाही. म्हणजे वर्षातून दोन चातुर्मास! मैत्रिणींनो, हे ऐकून मला हसूही आलं आणि लाजही वाटली. माझ्या घरापासून देरासर चार मिनिटांवर आहे.

मोंबासाचं शिखरबंधी देरासर १९६३ चं, नैरोबीचं १९८४ चं. ते बांधणाऱ्यांची नावं संगमरवरात आहेत आणि असायलाच हवीत. पण त्याआधीची पन्नास वर्षं धर्म अशाच स्वयंपाकघरांत उभा होता.

मी फईंना विचारलं, "माजीचं नाव काय होतं?" फई गप्प झाल्या. मोठ्यांचं नाव घ्यायचं नसे, सगळे माजीच म्हणायचे. आमच्या वंशावळीच्या तक्त्यात सात पिढ्या आहेत, सगळे मुलगे. माजींच्या जागी काहीच नाही.

मग आठवलं, लग्नातल्या भांड्यावर नाव कोरतात! तो हंडा अजून भिवंडीला आहे, आई त्यात तांदूळ ठेवते. रात्रीच आईला फोन केला. तिने हंडा उन्हात नेऊन चिंचेने घासला. काठाखाली अक्षरं निघाली, अर्धी राखेने घासून झिजलेली. नाव, वडिलांचं नाव, गाव. दुसऱ्या दिवशी फईंच्या कानात ते नाव मी हळूच सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारलं. घरच्या कोणाचंच नाव मी इथे लिहीत नाही, म्हणून तेही लिहीत नाही. पण आता आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे.

मी सगळं लिहून काकांना पाठवलं. त्यांचा फोन आला. "सुनांची नावं घालू, चांगली सूचना आहे. पण नोकर होते, कडलां गहाण, दुसऱ्याच्या शेतात मजुरी, हे कशाला? मुलांच्या सोयरिकी चालल्यात." काकांनाही दोष देत नाही. १९६८ नंतर केनिया सोडून रिकाम्या हाताने लंडनला गेलेला माणूस तो. गरिबी त्याने दुसऱ्यांदा पाहिली आहे. पण आपल्या पाच अणुव्रतांत सत्य आहे, आणि ते मेलेल्यांबद्दलही पाळायचं असतं असं मला वाटतं. मी तसं म्हटलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

वंशावळ छापून आली. सिंह आणि रेल्वे गेले. माजींचं नाव बापांच्या शेजारी आलं, आणि माझ्या आईचं, आणि माझंही. कडलां मात्र आली नाहीत. म्हणून ती इथे लिहून ठेवते आहे.

तुमच्या घरात फईंसारखं कोणी असेल तर या पर्युषणाची वाट बघू नका. उद्याच जा. आधी भांडी उलटी करून बघा, मग पाकिटावरची तिकिटं बघा, आणि "आजोबा कसे गेले" याच्या आधी "आजी काय करत होती" हे विचारा.

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छा मि दुक्कडं.