दुभत्या गाईंची चराई व पूरक आहार (महाराष्ट्र)

गायरानात, कुरणात किंवा पडीक रानात गाईंना मोकळे चरू देणे म्हणजे चराई. आणि चाऱ्यातून न भागणारी पोषणद्रव्यांची गरज पेंड, भरडा, चुणी, कोंडा, खनिज मिश्रण इ. देऊन भागविणे म्हणजे पूरक आहार होय. महाराष्ट्रात या दोहोंचे परस्परप्रमाण गेल्या सु. दीडशे वर्षांत पालटले. गावाच्या सामाईक रानावर गाय पोसण्याची पद्धत मागे पडली आणि गोठ्यात बांधून, बऱ्याच अंशी विकतच्या खाद्यावर तिला पोसण्याची पद्धत रूढ झाली. या स्थित्यंतराने दूध वाढले. तथापि चाऱ्याच्या टंचाईचा जो भार पूर्वी सबंध गाव वाहत असे, तो एकेका कुटुंबावर येऊन पडला.

जुनी व्यवस्था : मराठा अमदानीत घोडदळ व ओढकामाची जनावरे यांच्यासाठी सरकारी कुरणे राखली जात. गावच्या गुरांसाठी गायरान असे आणि गुराखी सकाळी गुरे एकत्र करून रानात नेई. मारवेल, पवन्या, कुसळी ही येथील नैसर्गिक कुरणांतील प्रमुख गवते होत. पावसाळ्यात ती कोवळी व पौष्टिक असतात. फुलोऱ्यानंतर मात्र त्यांतील प्रथिने घटतात व काष्ठमय भाग वाढतो. कुसळीची कुसळे तर जनावरांच्या तोंडाला इजा करतात. त्यामुळे दिवाळीनंतर कडबा, भुसकट व वाळलेले गवत यांवर गुजराण होई. त्यातही वाटणीचा क्रम ठरलेला असे. शेती बैलावर चालत असल्याने सरकी, पेंड व चांगला कडबा प्रथम बैलाला मिळे. दूध-तुपासाठी पाळलेली म्हैस त्याखालोखाल. गाय मुख्यतः बैलांची पैदास करणारी म्हणून रानावर सोडलेली. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात गाईच्या या उपेक्षेकडे लक्ष वेधले. निकृष्ट चाऱ्यामुळे जनावरे दुबळी होतात, दुबळी म्हणून ती अधिक संख्येने पाळावी लागतात आणि संख्या वाढल्याने चारा आणखी अपुरा पडतो, हे दुष्टचक्रही आयोगाने दाखवून दिले.

रानाचा संकोच : १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनांतील चराईवर निर्बंध आले. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेत गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती. तीच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कायम राहिली. प्रत्यक्षात मात्र लोकसंख्या वाढत गेली, तशी गायराने लागवड, घरबांधणी, सार्वजनिक कामे व अतिक्रमणे यांत घटत गेली. उरलेल्या रानात वर्षभर अनिर्बंध चराई चालल्याने चांगली गवते नष्ट होऊन धूप वाढली. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राज्यांना निर्देश दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरानांच्या रक्षणासाठी आदेश काढला.

पूरक आहाराचा प्रसार : गाईंना मापून खुराक देण्याची पद्धत भारतात प्रथम लष्करी दुग्धशाळांत रुजली. त्यांपैकी पहिली १८८९ मध्ये अलाहाबाद येथे निघाली. या दुग्धशाळा २०२१ साली बंद झाल्या. सर्वसामान्य शेतकऱ्यापर्यंत ही पद्धत सहकारी दूध संघांनी नेली. गुजरातेतील कंजरी येथे खेडा जिल्हा सहकारी संघाचा पशुखाद्य कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला आणि दूध नेणाऱ्या संघानेच खाद्य पुरवावे, हा पायंडा पडला. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने तो इतरत्र पसरला. महाराष्ट्रात उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कृषी-उद्योग प्रतिष्ठानाने होल्स्टीन व जर्सी वळूंच्या रेतनाने संकरित गाईंचा प्रसार केला. अशी गाय केवळ रानावर पोसली जात नाही. ४०० किग्रॅ. वजनाच्या दुभत्या गाईला रोज सु. १० ते १२ किग्रॅ. शुष्क पदार्थ लागतात. शरीरपोषणासाठीच्या खुराकाशिवाय दर अडीच लिटर दुधामागे सु. १ किग्रॅ. खुराक द्यावा, असा ढोबळ नियम आहे. मात्र खुराक हा चाऱ्याला पर्याय नव्हे. तंतुमय चारा कमी करून खुराक वाढविल्यास रवंथ घटते, पोटातील आम्लता वाढते व दुधातील स्निग्धांश उतरतो.

चाऱ्याची नवी टंचाई : खुराक वाढत असताना कडब्याचे मूळ साधन आटत गेले. १९६४ मध्ये प्रसारित झालेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी धान्य अधिक देई, पण तिची ताटे बुटकी होती. कडब्यासाठी शेतकऱ्यांनी रब्बीची मालदांडी टिकविली. तरीही पुढे सोयाबीन व ऊस यांनी ज्वारीचे क्षेत्र व्यापले. उसाच्या पट्ट्यात वाढे हाच मोठा आधार ठरला. परंतु त्यातील ऑक्झॅलेटांमुळे कॅल्शियम शरीरास पुरेसे मिळत नाही, म्हणून वाढ्यांबरोबर खनिज मिश्रण आवश्यक असते. संकरित नेपिअर, लसूणघास व मक्याचा मुरघास हे उपाय पाणी असणाऱ्यांच्या आवाक्यातले. कोरडवाहू शेतकऱ्यास भुसकटावर यूरियाची प्रक्रिया करता येते : १०० किग्रॅ. भुसकटावर ४ किग्रॅ. यूरियाचे द्रावण शिंपडून ते सु. तीन आठवडे हवाबंद ठेवतात. त्याने ते अधिक पचनीय होते.

२०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. आपल्या गोठ्यापुरता चारा व खुराक जुळविणारे कुटुंब अवर्षणाच्या वर्षी किती एकाकी पडते, हे त्या छावण्यांनी दाखविले. याउलट हिवरे बाजार (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) या अवर्षणप्रवण गावाने १९९० नंतर पाणलोटाच्या कामांबरोबर चराईबंदी स्वीकारली आणि राखलेले गवत कापून नेण्याची मुभा ग्रामस्थांना दिली. तेथे गवत वाढले व त्याबरोबर दूधही वाढले. गाय रानात हिंडली नाही, पण रान तिच्या उपयोगी पडले. यावरून चराई की खुराक हा खरा प्रश्न नसून सामाईक रानाची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा आहे असे दिसते. ती जबाबदारी गावाने घेतली, तर खुराक नावाप्रमाणे पूरक राहतो. अन्यथा तोच मुख्य होऊन दुधाच्या उत्पन्नातील मोठा वाटा गिळतो.