गिअरच्या तेलातला देवमासा

ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसावर एक फुगीर लोखंडी डबा दिसतो. हा डिफरन्शियल. गॅरेजमध्ये त्याचे तेल बदलताना आपण कधी उभे राहून पाहिले आहे का? मिस्त्री आधी गाडी थोडी फिरवून आणतो, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होते. मग तो वरचा, तेल भरायचा बोल्ट पहिल्यांदा सैल करतो. कारण खालून तेल सोडून दिले आणि वरचा बोल्ट निघालाच नाही, तर पंचाईत! खालच्या बोल्टला बहुधा चुंबक बसवलेले असते. त्यावर पोलादाचा बारीक काळा कीस चिकटलेला असतो. तो पुसून, बोल्ट घट्ट करून, वरच्या भोकाच्या कडेपर्यंत नवे तेल भरले की काम झाले. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात राहते, ती म्हणजे तेलाचा उग्र वास. हा वास गंधकाच्या संयुगांचा आहे. तेलात गंधक कशासाठी, हे शोधू लागलो की आपण थेट समुद्रात पोचतो.

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली तर एक चाक घसटत जाईल. यावर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच तंत्रज्ञाने 1828 साली आपल्या वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची योजना करून पेटंट घेतले. पुढे मोटारी आल्या, आणि हीच योजना त्यांच्या आसात बसली.

इंजिनाकडून येणारा दांडा आसाशी काटकोनात असतो. त्याच्या टोकाचे लहान चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राऊन चाकाला फिरवते. सुरुवातीला या दोन्ही चाकांच्या अक्षरेषा एका बिंदूत मिळत. 1926 साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारींत हायपॉइड गिअर आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली असते. त्यामुळे दांडा खाली गेला, गाडीची बैठक खाली आली आणि पिनियनही मोठे व मजबूत करता आले.

पण याची किंमत तेलाला मोजावी लागली. पोळीवर लाटणे फिरवणे वेगळे आणि न फिरवता घासत नेणे वेगळे. हायपॉइडचे दाते एकमेकांवर मोठ्या दाबाखाली लांबीच्या दिशेने घासतात. साध्या खनिज तेलाचा थर तिथे फाटतो, उंचवटे तापतात आणि धातू धातूला चिकटू लागतो. म्हणून तेलात गंधक मिसळू लागले. तापलेल्या जागी गंधक लोखंडाशी संयोग पावते आणि लोह सल्फाइडचा पातळ थर बनतो. घासताना पोलादाऐवजी हा ठिसूळ थर झिजतो. थोडक्यात, मुद्दाम थोडे गंजवून आपण मोठे नुकसान टाळतो. हे द्रव्य हळूहळू संपते, तेलात पाणी आणि कीस साठतात, म्हणूनच तेल ठरावीक काळाने बदलावे लागते.

आता प्रश्न असा, की गंधक तेलात टिकवून ठेवायचे कसे? ते स्निग्ध पदार्थाला जोडावे लागते. साध्या चरबीला जोडले तर मिश्रण खनिज तेलात नीट विरघळत नसे. स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मात्र वेगळे. ते रासायनिकदृष्ट्या द्रवरूप मेण आहे. गंधक जोडल्यावरही ते खनिज तेलात छान विरघळते. म्हणून ते गिअर तेलांत जाऊ लागले.

आपण वर्गात सांगतो, की रॉकेल आले आणि दिव्यांसाठी होणारी देवमाशांची शिकार थांबली. हे अर्धेच खरे आहे. एकोणिसाव्या शतकापेक्षा कितीतरी जास्त स्पर्म व्हेल विसाव्या शतकात मारले गेले. 1960 च्या दशकात तर काही वर्षे ही संख्या वर्षाला वीस हजारांच्या वर गेली. गिअर तेल हे काही एकमेव कारण नव्हे. कातडी कमावण्यासाठी आणि इतर यंत्रांसाठीही हे तेल लागे. पण ज्या खनिज तेलाने देवमाशाला वाचवले असे आपण म्हणतो, त्याच खनिज तेलाच्या डब्यात तो पुन्हा येऊन बसला होता.

1970 साली अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणे भागच पडले. अमेरिकेच्या व मेक्सिकोच्या वाळवंटातील जोजोबा या झुडपाच्या बियांतही असेच द्रवरूप मेण असते, म्हणून त्याकडे लक्ष गेले. पुढे राजस्थानातही त्याची लागवड झाली. पण मोटारींच्या तेलात मुख्यतः जिंकली ती कारखान्यात बनवलेली गंधक-फॉस्फरसची संयुगे. 1982 साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचे ठरवले, तोवर गाड्यांना देवमाशाची गरज उरली नव्हती.

म्हणजे पर्याय अशक्य नव्हता. बंदी येईपर्यंत तो शोधण्याची निकड कोणाला वाटली नाही, एवढेच. मोटारीची बैठक चार बोटे खाली आणणाऱ्या अभियंत्याच्या मनात देवमासा नव्हता, आणि देवमाशावर भाला फेकणाऱ्याच्या मनात गिअर नव्हता. विद्यार्थ्यांना एक काम द्यावे: घरातली कोणतीही एक वस्तू घ्या आणि तिच्यातला प्रत्येक पदार्थ कुठून आला, त्याचा माग काढा. आणि गॅरेजमध्ये गेलात तर काढलेले काळे तेल कुठे जाते, हेही जरूर विचारा. ते गटारात जात असेल तर ही गोष्ट अजून संपलेली नाही.