मार्सडेन धक्क्यावरची शिडी

कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारा कोड लिहिणं हे माझं रोजचं काम. पासवर्ड, परवानग्या, लॉग. त्यामुळेच असेल, पण ‘रेनबो वॉरियर’बद्दल वाचताना बॉम्बच्या आधी माझं लक्ष जातं ते जहाजाच्या शिडीकडे. ७ जुलै १९८५ रोजी ग्रीनपीसचं हे जहाज ऑकलंडच्या मार्सडेन धक्क्याला लागलं. स्वागताला होड्या आल्या, शहरातली माणसं भेटायला येऊ लागली.

जहाज तसं म्हातारंच. १९५५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला बांधलेला, सुमारे ४० मीटर लांबीचा ट्रॉलर. ब्रिटिश सरकार मासेमारीच्या संशोधनासाठी तो वापरायचं. १९७८ मध्ये ग्रीनपीसने त्याला नवं नाव आणि इंद्रधनुष्य दिलं. अशा जहाजावर आंदोलनाचे दिवस थोडे आणि कामाचे जास्त. गंज खरवडायचा, रंग द्यायचा, इंजिनाच्या पाळ्या करायच्या, सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. वेगवेगळ्या देशांची माणसं एकाच टेबलावर जेवणार.

ऑकलंडला येण्याआधी या माणसांनी मोठं काम केलं होतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर १५ मेगाटनचा बॉम्ब फोडला आणि त्याची किरणोत्सारी राख शेजारच्या रोंगेलापवर पडली. तिथल्या लोकांना हलवलं गेलं, पण १९५७ मध्ये ‘आता धोका नाही’ असं सांगून परत आणलं. पुढे थायरॉइडचे आजार, गर्भपात. शेवटी लोकांनीच बेट सोडायचं ठरवलं आणि मे १९८५ मध्ये ‘रेनबो वॉरियर’ने अनेक फेऱ्या करून सुमारे ३०० जणांना मेजाटो बेटावर पोचवलं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, मोडलेल्या घरांच्या फळ्या आणि पत्रे, सगळं त्याच डेकवर. फर्नांडो परेरा हा ३५ वर्षांचा छायाचित्रकार ते सगळं टिपत होता.

पुढचा मुक्काम मोरुरोआ. तिथे फ्रान्स अणुचाचण्या करत होता आणि त्याविरुद्ध निघणाऱ्या होड्यांच्या ताफ्यात हे जहाज पुढे असणार होतं.

१० जुलैच्या संध्याकाळी जहाजावर एका सहकाऱ्याचा वाढदिवस साजरा झाला. मध्यरात्रीला थोडा वेळ असताना पहिला स्फोट झाला. माणसं धक्क्यावर उतरली. काही मिनिटांत दुसरा स्फोट. परेरा आतच राहिला आणि बुडून मेला. त्याला दोन मुलं होती.

सुरुंग पाण्याखालून लावले होते, पण माहिती दारातूनच गेली होती. काही महिने आधी फ्रेंच गुप्तहेर क्रिस्तीन काबों खोट्या नावाने ऑकलंडच्या ग्रीनपीस कार्यालयात मदतनीस म्हणून राहून गेली होती. मदतीला आलेल्या माणसाला ओळखपत्र कोण मागतं?

इथे माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणतो, दार बंद ठेवायला हवं होतं. पण पुढचा इतिहास वेगळं सांगतो. गुन्हा उघडकीला आला तो साध्या नागरिकांमुळे. किनाऱ्यावर रात्री संशयास्पद हालचाल दिसली म्हणून कोणीतरी एका व्हॅनचा नंबर टिपून ठेवला. दोनच दिवसांत ॲलन मफार आणि दोमिनिक प्रियर पोलिसांच्या हाती लागले. त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. सगळी दारं बंद असलेलं पॅरिस मात्र दोन महिने नाकारत राहिलं. अखेर संरक्षणमंत्री शार्ल एर्नू यांनी राजीनामा दिला आणि २२ सप्टेंबरला पंतप्रधान लोराँ फाबियस यांनी कबुली दिली.

न्याय पुरता झाला नाही. १९८८ च्या मेपर्यंत दोन्ही हेर फ्रान्समध्ये परतले होते. चाचण्या थांबायला १९९६ उजाडलं. जहाज डिसेंबर १९८७ मध्ये माटाउरी खाडीत बुडवलं गेलं. आता तिथे मासे राहतात.

त्याच नावाचं तिसरं जहाज २०११ पासून समुद्रात आहे. एखाद्या शहराच्या बंदरात लागलं, की तेही लोकांसाठी शिडी खाली सोडतं. १९८५ मध्ये काय झालं हे ठाऊक असूनही.